यादी फेका, पहिला खंड उघडा



मागच्या महिन्यात आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक मुलगी परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी लिहिलेले निवेदन घेऊन आली. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवायची, तर आधी प्रवेश पाहिजे आणि प्रवेशासाठी हे निवेदन. दोन पानांत 'प्लेथोरा' तीनदा, 'मिरियड' दोनदा, 'क्विंटइसेन्शियल' एकदा. तिची आई सफाई कामगार आहे. हिने एम.एस.डब्ल्यू.च्या प्रकल्पात त्याच कामगारांच्या कंत्राटीकरणावर घरोघर फिरून पाहणी केली आहे. तिच्यावर निवेदनात एकच ओळ. का गं, असे विचारले तर म्हणाली, "ताई, त्याच्यासाठी यादीत चांगले शब्दच नव्हते."

ही यादी एका क्लासची. हजार 'हाय लेव्हल' शब्द, शेजारी मराठी अर्थ, रोज तीस पाठ करायचे. फी आईच्या महिन्याच्या पगाराएवढी. मला राग त्या मुलीचा आला नाही. जे लोक आपल्या पोरांच्या न्यूनगंडावर दुकान चालवतात त्यांचा आला, आणि त्यांना गिऱ्हाईक पुरवणाऱ्या आपल्या शांतपणाचाही.

मुळात या याद्या ज्या परीक्षेच्या नावाने विकतात, ती परीक्षा कधीच बदलली. जीआरईमधून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांतल्या साधर्म्याचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच काढले गेले. आता शब्द विचारतात तो वाक्यात, उताऱ्यात. क्लासवाले मात्र अजून तोच जुना माल विकतात.

दुसरे म्हणजे, उच्च शिक्षणातली इंग्रजी शोभेच्या शब्दांवर उभीच नाही. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे पस्तीस लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर मोजून २००० साली ५७० शब्दकुळे वेगळी काढली. तीही यादीच, पण बाजाराची नाही. कोणत्याही विद्याशाखेच्या लेखनात साधारण दहा टक्के जागा हीच शब्दकुळे व्यापतात. त्यांत 'प्लेथोरा' नाही. 'अझ्यूम', 'इम्प्लाय', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'व्हेअरअॅज', 'नेव्हरदलेस' आहेत. दिसायला साधे. पण आपली मुले अडतात ती इथे. 'डिस्क्रिमिनेशन' त्यांना पाठ आहे, ते त्यांनी सोसलेच आहे. लेखक एखादी गोष्ट सिद्ध करतो आहे की नुसती गृहीत धरतो आहे, हे 'अझ्यूम' कळल्याशिवाय कळत नाही. आणि समोरच्याने काय गृहीत धरले आहे ते ओळखता आले नाही, तर तुम्ही त्याच्याशी वाद घालणार कसा?

यावर एक सल्ला तयार असतो. "एवढ्या जड इंग्रजीची तुमच्या मुलांना गरज काय? स्पोकन इंग्लिश शिकवा, नोकरी लागेल." हा सल्ला देणाऱ्याची स्वतःची मुले कुठे शिकतात ते बघा. 'हाऊ मे आय हेल्प यू, सर' एवढी इंग्रजी आली की मॉलच्या दारात उभे राहता येते. मॉलमधल्या नोकरीला मी कमी लेखत नाही, आमच्या वस्तीतली कितीतरी घरे त्यावर चालतात. पण अर्ज वाचण्याची, करारातली मेख पकडण्याची, निकालपत्र उलगडण्याची इंग्रजी कोणाकडे राहावी हेही या सल्ल्यात ठरून जाते. एल्फिन्स्टनमध्ये बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. तेव्हा दार बंद करीत. आता दार उघडे ठेवतात आणि "तुम्हाला आत काय करायचे आहे?" असे विचारतात.

एकच शब्द सांगते. 'एनेबलिंग'. फेब्रुवारी २०२० मध्ये मुकेश कुमार विरुद्ध उत्तराखंड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम १६(४) आणि १६(४-अ) या 'एनेबलिंग' तरतुदी आहेत, हे पुन्हा सांगितले. अभ्यासिकेत अर्थ विचारला. बी.ए.च्या मुलाने यादीप्रमाणे उत्तर दिले : "सक्षम करणारी. म्हणजे आपल्याला सक्षम केले, मॅडम." कायद्यात तिचा अर्थ असा की आरक्षण देण्याची मुभा सरकारला आहे, सक्ती नाही. म्हणूनच पदोन्नतीतले आरक्षण मूलभूत हक्क म्हणून मागता येत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. इतका गोड शब्द आणि त्याच्या पोटात काय आहे! मग पोरांनी संविधान काढून 'शॅल' आणि 'मे' शोधायला सुरुवात केली. कलम ४६ मध्ये अनुसूचित जातींच्या हितासाठी राज्याला 'शॅल' सापडला तेव्हा टाळ्या पडल्या. ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, न्यायालयातून त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही, हे कळल्यावर सगळे गप्प. त्या दिवशी दोन तासांत शब्द चारच झाले असतील. एकही कोणी विसरणार नाही.

मग उच्च शब्दसंपत्ती आणायची कुठून? आपल्याच कपाटातून. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध त्यात आहे आणि १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ही. निबंधात 'एंडोगॅमी' येते : जातीच्या आतच लग्न. बहिर्विवाहाच्या समाजावर हा अंतर्विवाह लादला गेला आणि जात तयार झाली, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन. वीस वर्षांनंतरच्या पुस्तकात 'सोशल एंडॉस्मोसिस' येतो. हा शब्द त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई यांनीही १९१६ मध्ये 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये वापरला आहे. मुले घाबरतात. त्यांना म्हणावे, शाळेत परासरण शिकलात ना? पडद्यातून पाणी आरपार जाते ते? समाजातल्या गटागटांत तसा मुक्त संचार असणे म्हणजे हा शब्द. दोन्हींत 'एंडो' म्हणजे आत. एका शब्दात आत कोंडून घेणे आहे, दुसऱ्यात आत येऊ देणे. आणि 'अॅनिहिलेशन'च्या पोटात लॅटिन 'निहिल' आहे, म्हणजे काहीच नाही. सुधारणा नव्हे, निर्मूलन. 'रिफॉर्म' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. बाबासाहेबांनी तो शीर्षकात का घेतला नाही, यावर बारावीची मुलेसुद्धा तासभर भांडतात.

मी स्वतः मराठी माध्यमाची. एम.ए.ला समाजशास्त्र घेतले तेव्हा गाईडवर पास होत होते. 'अॅनिहिलेशन' मूळ इंग्रजीतून वाचायला मला चार महिने लागले, शब्दकोश मांडीवर. पहिल्या दहा पानांना एक महिना गेला, शेवटच्या दहांना दोन दिवस. शब्द वाढतात ते असे. तेच तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांतून पुन्हा भेटत राहतात आणि एक दिवस ओळखीचे होतात.

आता आपल्याच लोकांना कडवट वाटेल ते. किती विहारांत हे खंड काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत? चौदा एप्रिलला हार, सहा डिसेंबरला मेणबत्ती, आणि मधल्या काळात मोबाईलवर फिरणारी, बाबासाहेबांनी कधी न लिहिलेली वाक्ये. डीजेला वर्गणी निघते, दोन चांगल्या शब्दकोशांना निघत नाही. मग क्लासवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग?

त्या मुलीने निवेदन पुन्हा लिहिले. 'प्लेथोरा' गेला. 'कॉन्ट्रॅक्च्युअलायझेशन' आला, कारण आईचे काम तेच झाले आहे, आणि 'व्हेअरअॅज' आला, कारण कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या पगाराची तुलना करायची होती. अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे.

येत्या रविवारपासून वंदनेनंतर पहिला खंड, 'कास्ट्स इन इंडिया'पासून. दर वेळी दोन पाने. वही आणा, यादी आणू नका. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.