‘स्ट्रेंज फ्रूट’ आणि आरेची झाडे

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरे कॉलनीत करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविण्यास सांगितले, तोवर मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडे पडली होती. आरेच्या आंदोलनात पुष्कळ गाणी गायिली गेली. मुंबईत जॅझ गाणारी तरुण मंडळी आज कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणाला आरेतील एखाद्या वडाखाली उभे राहून बिली हॉलिडेचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ गावेसे वाटले, तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. जॅझच्या भांडारात झाडाशी इतके घट्ट बांधलेले गीत क्वचितच सापडेल. परंतु हे गीत झाडाविषयीचे नाही. त्यातील झाड हा वधस्तंभ आहे आणि त्याला लागलेले फळ म्हणजे जमावाने ठार करून लटकवलेला कृष्णवर्णीय माणूस.

अमेरिकेत १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ झुंडहत्या झाल्याची नोंद टस्कीगी संस्थेने केली. त्यांतील ३,४४६ बळी कृष्णवर्णीय होते. अशाच एका हत्येचे छायाचित्र पाहून न्यूयॉर्कमधील एबल मीरोपोल या ज्यू, कम्युनिस्ट शिक्षकाने कविता लिहिली. १९३७ मध्ये ती छापली गेली ती शिक्षकांच्या संघटनेच्या नियतकालिकात. पुढे त्यानेच तिला चाल लावली. हे गीत लिहिण्यासाठी पक्षाने पैसे दिले होते काय, असा प्रश्न नंतर एका चौकशी समितीने त्याला विचारला! कवितेमागे पदरचा संताप असू शकतो, हे चौकशी समित्यांना कोठेच पटत नाही. रोझेनबर्ग दांपत्याला १९५३ मध्ये देहदंड दिल्यावर त्यांच्या दोन अनाथ मुलांना पुढे आपलेसे केले, तेही याच मीरोपोलने.

१९३९ मध्ये बिली हॉलिडे हे गीत ‘कॅफे सोसायटी’त गाऊ लागली. गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना एकत्र बसू देणाऱ्या, त्या काळातल्या विरळा ठिकाणांपैकी ते एक. गीत सर्वांत शेवटी येई. वेटर थांबत, दिवे मालवले जात, प्रकाशाचा एकच झोत तिच्या चेहऱ्यावर राही. गाणे संपले की काळोख. प्रकाश परत येई तेव्हा ती निघून गेलेली असे. तिच्या कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रणास नकार दिला, कारण दक्षिणेतील बाजारपेठ दुखावण्याची भीती होती. अखेर मिल्ट गॅबलर या रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानदाराच्या लहानशा कंपनीने २० एप्रिल १९३९ रोजी ती तबकडी काढली. तीत बराच वेळ केवळ वाद्येच ऐकू येतात. मग आवाज येतो, तोही आक्रोशाचा नव्हे. ती जवळजवळ साक्ष नोंदविल्यासारखी शब्द ठेवीत जाते. या गीतात गळ्याची करामत दाखविणाऱ्या गायिकेला ते कळलेच नाही, असे खुशाल समजावे.

मुंबईला जॅझ नवे नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक ताजमहाल हॉटेलात आले. गोव्याच्या वादकांनी ती विद्या आत्मसात केली आणि तेथून ती हिंदी चित्रपटात शिरली. मात्र आले ते नाचघराचे संगीत. त्यामागचे दुःख निराळ्या वाटेने आले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो व अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य दाखविले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. हॉटेलातील जॅझ आणि वस्तीतील पँथर एकाच शहरात राहिले, पण त्यांची गाठ क्वचितच पडली.

आरेत ही गाठ पडू शकते. मात्र झाडांबरोबर माणसेही मोजली पाहिजेत. १९४९ मध्ये शहरातील गोठे हलविण्यासाठी ही दुग्धवसाहत उभी राहिली, त्यापूर्वीपासून वारली व इतर आदिवासी येथे राहत आहेत. आरेत त्यांचे २७ पाडे सांगितले जातात. कित्येक पाड्यांनी वीज आणि पाणी यांसाठी दशकानुदशके वाट पाहिली. मेट्रोच्या कामापायी प्रजापूरपाड्यातील कुटुंबांची घरे-शेते गेली, ती २०१९ च्या त्या रात्रीपूर्वीच. तेव्हा शहर जागे झाले नव्हते. झुंडहत्या आणि विस्थापन यांना एकाच मापाने मोजणे अर्थातच चुकीचे होईल. तरीही ज्याच्यावर आघात होतो तोच चित्रातून पुसला जावा आणि मागे केवळ सुंदर निसर्ग उरावा, ही क्रिया ओळखीची आहे. मीरोपोलने फुलांच्या सुगंधाशेजारी जळत्या देहाचा वास ठेवला, तो ही क्रिया उघडी पाडण्यासाठीच.

म्हणून आरेत हे गीत गाणाराने प्रथम पाड्यावर जावे. तेथील तारपा आणि तेथील गाणी आधी होऊ द्यावीत. गाऱ्हाणे मांडायचे असेल त्याला ते त्याच्या बोलीत मांडू द्यावे. मीरोपोल कोण आणि फळ म्हणजे काय, हे मराठीत सांगावे. मग दिवे मालवून गावे. टाळ्यांसाठी थांबू नये.