क्षय बरा झाला, खोकला का राहिला?

केळव्याच्या वाड्यांत राबणाऱ्यांना बुरशी नवी नाही. पानवेलीखालचा ओलावा, कुजलेला पाला, भिजलेला पेंढा, शेणखताचा ढीग अशा ठिकाणी ॲस्परजिलस ही बुरशी वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू आपण सारेच रोज श्वासावाटे घेतो; धडधाकट माणसाचे शरीर ते परतवून लावते. केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळच्या स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांत मात्र हीच बुरशी थोड्या दिवसांत फुप्फुस पोखरते. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२०२१ मध्ये ‘काळ्या बुरशी’ने महाराष्ट्राला धडकी भरवली. ती निराळी जात, मुख्यतः नाक आणि डोळ्यांवर हल्ला करणारी. करोनाची लाट ओसरली आणि बुरशीची चर्चाही विरली. फुप्फुसातली बुरशी मात्र तेव्हाही होती, आजही आहे. तिचा एक मोठा बळी म्हणजे क्षयातून बरा झालेला रुग्ण.

औषधांनी क्षयाचे जंतू मरतात, पण फुप्फुसात पोकळी राहू शकते. तिथे ॲस्परजिलस ठाण मांडते. मग खोकला, घटणारे वजन, थकवा, थुंकीतून रक्त: सारी लक्षणे क्षयाचीच! ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात अशी पोकळी उरलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली.

आपल्याकडे थुंकीत जंतू नसले तरी छातीचा एक्स-रे पाहून पुन्हा क्षयाचाच कोर्स सुरू होतो. बुरशीवर त्याचा काडीचा परिणाम नाही. उलट त्यातले रिफाम्पिसिन हे इट्राकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाची रक्तातली मात्रा पार खाली आणते; म्हणजे ‘दोन्ही देऊन पाहू’ हाही मार्ग नाही.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात उपचारांनंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी तपासणी अपेक्षित आहे. जंतू नाहीत पण खोकला टिकून आहे, अशा रुग्णाची ॲस्परजिलससाठी आयजीजी रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन तेव्हाच व्हायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वाधिक चिंतेच्या बुरशींत घातले आहे. रक्ताचा नमुना पालघरहून मुंबईला जाऊ शकतो. त्यासाठी धाप लागलेल्या माणसाने केळवे रोडहून लोकल का पकडावी?