खाजेची ट्यूब आणि चिठ्ठी

जुहूत काय किंवा जोगेश्वरीत काय, मेडिकलवाल्याला "खाज येते" एवढं सांगितलं की काउंटरवर एक ट्यूब येते. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. एक तरी लागू पडेल, हा हिशेब. बग कुठे आहे ते न पाहता तीन पॅच एकदम टाकणाऱ्याला आम्ही टीममध्ये ठेवत नाही. अंगावर मात्र हे बिनधास्त चालतं.

मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी विक्री चालूच आहे, कारण मागणारे आपणच आहोत.

माझा राग स्टेरॉइडवर नाही. इसबावर ते खरं औषध आहे, योग्य ताकदीचं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं. पण तेच नायट्यावर लावलं तर खाज दबते आणि बुरशी पसरत राहते. चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळलं तर त्वचा पातळ होते, आणि मलम थांबवताच भडकते. इसब की नायटा, हे दुकानदाराने लांबून ओळखायची गोष्ट नाही. उलट, 'स्टेरॉइड' शब्दालाच घाबरून लेकराला रात्रभर खाजवत ठेवणारे पालकही मी पाहतो. तेही चूकच.

इसब अस्वच्छतेमुळे होत नाही. त्यात त्वचेची भिंतच कच्ची असते. ओलावा उडून जातो, बाहेरचं आत शिरतं. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलाग्रिन या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध दाखवला. एका सफेत उभं राहिल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. हातावरचे चट्टे पाहून मुलीचं स्थळ मोडणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

म्हणून रोजचा खरा उपचार म्हणजे साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. मुंबईची हवा दमट, मग ते कशाला, असं वाटतं. पण घामाने खाज वाढते आणि ऑफिसचा एसी त्वचा कोरडी करतो. वुजूनंतर हात-पाय टिपून, ओलसर असतानाच ते लावावं. पाण्यानेच त्रास वाढत असेल तर तयम्मुमची सवलत आहे. डॉक्टरांना आणि आलिमांना विचारा, लाजू नका.

खासगी डॉक्टरची फी परवडत नसेल तर जुहूत पालिकेचं कूपर रुग्णालय आहे. त्वचारोगाच्या ओपीडीत जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी.