खेळता पैसा

मैत्रिणींनो, हळद-मसाल्याचा घरगुती धंदा करणाऱ्या पुष्कळ जणींचा प्रश्न एकच असतो: "वहीत नफा दिसतो, मग डब्यात पैसा का नाही?"

समजा, साताऱ्यात राहून तुम्ही सांगलीच्या बाजारातून हळकुंडं आणता, दळून पुड्या विकता. घरात माल ८,००० रुपयांचा, दुकानदारांकडून येणे ६,०००, हाती रोख १,०००. एकूण १५,०००. त्यातून व्यापाऱ्याचे देणे ५,००० वजा केले की उरले १०,०००. हेच तुमचे खेळते भांडवल. पण रोख हजारच! बाकी सगळे मालात नि उधारीत अडकलेले. व्यापारी उद्याच दारात आला तर?

म्हणून महिन्यात खपेल तेवढाच माल भरा. मागची उधारी वसूल झाल्याशिवाय पुढची देऊ नका. गिरणी घ्यायची तर मुदतीचे कर्ज काढा. खेळत्या पैशाला हात लावू नका.

तरीही तूट पडली, तर सावकाराची पायरी चढू नका. सातारा जिल्ह्यातच म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशातल्या बायकांनी स्वतःची महिला सहकारी बँक उभी केली, ती अशाच छोट्या गरजांसाठी. मात्र कर्ज मागायला जाताना हिशेबाची वही बरोबर न्यायची, बरं का!