पद्मपूरची भुते

घरात कॉलेजला जाणारी मुलगी आहे. रात्री सगळे जेवायला बसलेले असताना ती हळूच सांगते, ‘मी कादंबरी लिहायला घेतलीय.’ आईला कौतुक वाटते. वडील विचारतात, ‘विषय काय?’ ती म्हणते, ‘एका मुलीचं भुतावर प्रेम बसतं.’ वडिलांचा घास हातातच राहतो. अभ्यास, परीक्षा, नोकरी यांची उजळणी सुरू होते. कोपऱ्यात बसलेली आजी तेवढी विचारते, ‘कुणाचं गं भूत? कशानं मेला होता तो?’

प्रसंग कल्पनेतला आहे. पण असे संभाषण आज कोणत्याही घरात होऊ शकेल. इंग्रजीत या प्रकाराला ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हणतात. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ २००५ साली आली आणि रक्तपिपासू नायकावर जीव टाकणारी नायिका जगभरच्या तरुण वाचकांच्या ओळखीची झाली. आपल्याकडची मुलेमुलीही ती वाचतात आणि मग स्वतः लिहू पाहतात. घरच्यांना वाटते, हे परदेशी खूळ आहे. लिहिणाऱ्यालाही तसेच वाटते. म्हणून त्याच्या कादंबरीतला वाडा इंग्लंडातला असतो, धुके तिकडचे असते आणि नायकाचे डोळे निळे असतात.

दोघांचाही समज चुकीचा आहे. अद्भुत आणि प्रेम यांची सोयरीक आपल्याकडे फार जुनी. मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती तेव्हा, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि पुढे काही वर्षे अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला वेड लावले. अलीकडच्या काळात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेला घराघरात जागा मिळवून दिली. पण या विषयाचे सर्वांत जुने आणि सर्वांत जाणते घर पाहायचे असेल, तर गोंदिया जिल्ह्यात जावे लागते.

गोंदियाहून दुर्ग-रायपूरच्या दिशेने निघाले की आमगाव लागते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे, तिथे जुन्या मूर्ती आणि अवशेष आढळतात. संस्कृत नाटककार भवभूती आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे सांगतो. ते पद्मपूर म्हणजेच आमगावजवळचे हे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. दुर्ग येथे सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटातही पद्मपूरचा उल्लेख आहे. तेव्हा हा परिसर भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव आहे. शाळेच्या पुस्तकात तो करुणरसाचा कवी म्हणून भेटतो. त्याने स्मशानातली प्रेमकथा लिहिली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ती कथा म्हणजे ‘मालतीमाधव’. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे हे दहा अंकी नाटक. विदर्भाच्या अमात्याचा मुलगा माधव पद्मावती नगरीत शिकायला येतो आणि तिथल्या अमात्याची मुलगी मालती हिच्यावर त्याचे मन जडते. दोघांच्या वडिलांनी विद्यार्थिदशेतच व्याही होण्याचे ठरवलेले असते. पण राजाला वाटते, मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला मिळावी. राजाची इच्छा मोडण्याची हिंमत बापाला होत नाही. सगळे मार्ग खुंटल्यावर माधव रात्री स्मशानात जातो. भुताखेतांना नरमांस विकून त्यांच्या बळावर मालती मिळवावी, इतका तो हताश झालेला असतो. भवभूती त्या स्मशानातली भुते, प्रेते, कोल्हे आणि चिता डोळ्यांसमोर उभ्या करतो. वाचताना अंगावर काटा येतो. आणि मग त्या काळोखातून एका मुलीची आर्त हाक येते. ती मालतीची असते. कापालिक अघोरघंट आणि त्याची शिष्या कपालकुंडला तिला चामुंडेपुढे बळी द्यायला घेऊन आलेले असतात.

इथे लेखकाची नजर कुठे आहे ते पाहावे. स्मशानभर भुते आहेत. पण त्यांतले एकही मालतीच्या जिवावर उठलेले नाही. तिच्या जिवावर उठलेला आहे तो हातात शस्त्र घेतलेला आणि तोंडाने देवीचे नाव घेणारा जिवंत माणूस. त्याच्याही आधी तिचे आयुष्य देऊन टाकायला निघालेले आहेत ते राजा आणि बाप. देवळातली वेदी आणि लग्नाची वेदी, दोन्ही ठिकाणी मुलीला कोणी विचारलेले नाही. भवभूतीने हे उपदेश करून सांगितले नाही. त्याने फक्त प्रेमिकाला भुतांच्या गर्दीत नेऊन उभे केले आणि खरे भय कशाचे ते प्रेक्षकाला उमगू दिले. भुताची गोष्ट कशासाठी लिहायची, याचे यापेक्षा चांगले उत्तर मिळणे कठीण.

याच कवीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात आणखी एक करामत केली आहे. सीतात्यागाला बारा वर्षे झाली आहेत. राम पंचवटीच्या रानात येतो. तिथेच सीता आहे. पण भागीरथीच्या वरामुळे ती कोणालाही दिसत नाही, वनदेवतेलाही नाही. सोबत असलेली तमसा नदी तेवढी तिला पाहू शकते. जुन्या जागा पाहून राम मूर्च्छित पडतो. सीता त्याला स्पर्श करते. तो शुद्धीवर येतो आणि तो स्पर्श ओळखतो. तो तिचा हात धरतो; ती हात सोडवून घेते. वनदेवता वासंतीला वाटते, दुःखाने याचे भान हरपले.

सीता जिवंत आहे, तरी त्या रानात ती एखाद्या छायेसारखी वावरते. म्हणून या अंकाला ‘छाया’ असेच नाव आहे. पण अदृश्य झाल्याने तिला काय मिळते? समोर असती तर राम जे बोलू शकला नसता, ते तिला ऐकायला मिळते. यज्ञात पत्नीच्या जागी आपलीच सोन्याची मूर्ती आहे, हे तिला कळते आणि बारा वर्षांचे शल्य थोडे हलके होते. अद्भुत इथे शोभेसाठी आलेले नाही. जे सरळ वाटेने कळले नसते, ते कळावे म्हणून आले आहे. शिवाय त्याला नियम आहेत. सीता पाहू शकते, ऐकू शकते, स्पर्श करू शकते. पण स्वतःची बाजू मांडू शकत नाही. त्या नियमातूनच प्रसंगाची कळ निर्माण होते. ती हवे तेव्हा दिसू लागली असती तर नाटकात काही उरले नसते.

आज लिहायला बसलेल्या मुलीने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपल्या भुताला काय करता येते आणि काय येत नाही, हे पहिल्या काही पानांत ठरवावे आणि शेवटपर्यंत मोडू नये. दुसरे म्हणजे, या प्रेमाची किंमत कोण मोजणार ते ठरवावे. नायक भिंतीतून आरपार जातो, हे दुसऱ्या पानावर गमतीचे वाटते आणि दहाव्या पानावर कंटाळवाणे होते. पण त्याला दवाखान्यात पडलेल्या तिच्या कपाळावर हात ठेवता येत नाही, हे शंभराव्या पानावरही रुतते.

विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेत असेच आहे. तिच्यावर मणी कौल यांनी १९७३ मध्ये आणि अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ नावाने चित्रपट केला. लग्न होताच नवरा व्यापारासाठी पाच वर्षे दूर निघून जातो. तिच्यावर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. पण तिला मात्र आपण कोण हे खरे सांगते. तिला निवड करू देणारा पहिला जीव माणूस नसतो, भूत असते. कथा मनात राहते ती यामुळे.

आता जागेविषयी. गोंदिया जिल्ह्यातल्या लेखकाला परदेशी धुके उसने आणण्याचे कारण नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे सांगतात. तो मेल्यावर कोलासूर देव झाला आणि तलावाभोवतीच्या ‘सात बहिणी’ नावाच्या डोंगरांत त्याचे ठाणे आहे, ही लोकांची श्रद्धा. मेलेला माणूस आपल्या पाण्याची राखण करीत राहतो, यापेक्षा चांगले भूत कोणाला हवे? धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी दिसते. महाराष्ट्रात ती पाहायला लोक याच भागात येतात. जोडीतला एक गेला की दुसरा झुरतो, असे इथली माणसे सांगतात. नागझिऱ्यात वाघ आहे आणि ‘मालतीमाधवा’तही वाघ आहे. या मातीतली झाडीबोली आहे, रात्रभर चालणारे दंडार आहे. एवढे सगळे उंबऱ्यात असताना कादंबरीतला वाडा इंग्लंडात कशाला बांधायचा?

पण हेच गाव, हेच रान लेखकावर एक जबाबदारीही टाकते. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. अशा संशयाचे बळी बहुधा गरीब असतात, दलित किंवा आदिवासी असतात, म्हातारी आणि एकटी बाई असते. ज्या मुलखात करणीच्या संशयावरून माणसाची हाडे मोडली जातात, तिथे कादंबरीतली चेटकीण कोण असावी हा निव्वळ कल्पनेचा प्रश्न राहत नाही. गावाबाहेरच्या झोपडीत राहणारी एकटी विधवा किंवा जंगलातला आदिवासी पुजारी यांनाच दरवेळी कपटी मांत्रिक करून टाकणे सोपे असते. पण ते आळशीपणाचे आहे आणि घातकही.

मग भुताच्या गोष्टी लिहूच नयेत काय? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यांनी वर्षानुवर्षे ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. भुताच्या गोष्टीला त्या कायद्याची हरकत नाही. त्याची हरकत आहे ती भुताचे नाव सांगून माणसाला फसवण्याला आणि छळण्याला. गोष्ट उघडपणे सांगते की मी गोष्ट आहे. भोंदू ते सांगत नाही. दोघांमधला फरक एवढा स्वच्छ आहे.

आणि इथेही पद्मपूरचा कवी वाट दाखवतो. त्याच्या नाटकात कपालकुंडला सूडापोटी मालतीला पुन्हा पळवून नेते. तिला सोडवते कोण? सौदामिनी. तीही योगसिद्धी मिळवलेली स्त्रीच आहे, श्रीपर्वतावर साधना केलेली, आकाशातून जाणारी. म्हणजे सिद्धी दोघींकडेही आहे. फरक आहे तो ती कशासाठी वापरली याचा. गूढ शक्ती असलेली बाई म्हणजे वाईटच, हे समीकरण भवभूतीने तेराशे वर्षांपूर्वी नाकारले. आपल्याला ते आजही जड जाते.

म्हणून घरातली मुलगी भुतावरच्या प्रेमाची कादंबरी लिहिते म्हणाली, तर तिला हसू नये. ती फार जुन्या आणि फार मोठ्या घराण्यात पाऊल टाकते आहे. तिला परीक्षेचा अभ्यास करायला जरूर सांगावे. पण मग आजीचा प्रश्नही तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा. भूत कुणाचे? कशाने मेला होता तो? कर्जाने, की तापाने, की आंतरजातीय लग्न करायला निघाला म्हणून घरच्यांच्याच हातून? हे एकदा कळले की तिला भुताची भीती उरणार नाही आणि तिची कादंबरीही सुरू होईल.

भवभूतीला त्याच्या काळात टीकाकार पुष्कळ होते. आपला समानधर्मी आज नसला तरी पुढे कधी तरी, कुठे तरी जन्मेल, असा विश्वास त्याने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेतच व्यक्त केला आहे. तो पदमपूरच्या किंवा आमगावच्या एखाद्या घरात, आजीशेजारी जेवायला बसलेला नसेलच असे कोणी सांगावे?