बाहुलीच्या तोंडीं कोणाचे शब्द?

शाळांच्या एका बाहुलीनाट्यस्पर्धेस परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग गेल्या हिंवाळ्यांत माझ्यावर आला. सकाळपासून दुपारपर्यंत अकरा नाटकें पाहिलीं. चार नाटकांत झाडें तोडूं नका असें सांगितलें होतें, तिहींत पाणी जपून वापरण्याचा उपदेश होता, दोहोंत मोबाइलचे दुष्परिणाम होते, आणि उरलेल्या दोहोंत काय होतें तें आतां आठवत नाहीं. सर्वांच्या शेवटीं बाहुल्यांनीं रांगेनें उभें राहून एक घोषवाक्य म्हटलें, एवढें मात्र खास. नाटकें आठ ते बारा वर्षांच्या मुलांनीं स्वतः लिहिलीं आहेत, असें कार्यक्रमपत्रिकेंत छापलें होतें.

मला तें खरें वाटलें नाहीं. या वयाच्या मुलांनीं लिहिलेलें नाटक ओळखण्याची एक खूण आहे: त्यांत कोणीतरी कोणावर तरी रागावलेलें असतें. या अकरा नाटकांत कोणी रुसलें नाहीं, भ्यालें नाहीं, कोणीं कोणाचा हेवा केला नाहीं. संस्कृत नाटकांतल्या सूत्रधारास तें नांव बाहुल्यांच्या दोऱ्या धरण्यावरून मिळालें असावें, असा तर्क रिखार्ड पिशेल या जर्मन पंडितानें १९०० सालीं मांडला होता. तो सर्वांस पटला नाहीं. पण आमच्या शाळांतून फिरतांना पटूं लागतो. पडद्यामागें बाहुल्या मुलांच्या हातांत असतात आणि मुलांच्या दोऱ्या आईबापांच्या व शिक्षकांच्या.

दुसऱ्यांस दोष देण्याची हौस म्हणून मी हें लिहीत नाहीं. हा अपराध मीं स्वतः केलेला आहे. माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा असतांना त्यानें जुन्या काळ्या पायमोज्याचा एक कावळा केला व त्याचें नाटक लिहून मला दाखविलें. कावळ्याच्या आईनें दुसरें अंडें घातलेलें असतें आणि ती त्यावरून उठत नाहीं. कावळा तिला म्हणतो, “आई, तें अंडं गार झालं तर होऊं दे. मला भूक लागलीय.” मीं खिशांतून पेन काढलें, तें वाक्य खोडलें आणि त्या जागीं लिहिलें, “आई, आपल्या बाळाची काळजी मीही घेईन.” माझें वाक्य व्याकरणशुद्ध होतें आणि उदात्तही होतें. बहिणीस तीन महिन्यांपूर्वीं मुलगी झालेली होती, हें मला ठाऊक होतें. ठाऊक होतें म्हणूनच मीं तें खोडलें. मुलानें नवें वाक्य पाठ केलें, शाळेंत म्हणून दाखविलें, टाळ्या पडल्या. त्यानंतर त्यानें मला कांहीं लिहून दाखविलें नाहीं. तो आतां पंधरा वर्षांचा आहे.

या उपदेशपंथाच्या जोडीला हल्लीं दुसरा एक पंथ निघाला आहे. तो स्वतःस नवा समजतो व पहिल्यास जुनाट म्हणून हंसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कलेच्या साहाय्यानें शिकविण्यावर आणि मुलांच्या भावनिक विकासावर भर दिला, हें उत्तमच झालें. पण या पंथानें त्याचा अर्थ असा लावला कीं वर्गाच्या भिंतीवर भावनांचा तक्ता टांगावयाचा. त्यावर हंसरे, रडके, लाल झालेले वाटोळे चेहरे असतात. मुलानें एक निवडावा आणि आपल्या बाहुलीच्या तोंडीं घालावा. मग बाहुली म्हणते, “मला फार राग आला आहे.” दुसरी म्हणते, “मला वाईट वाटत आहे.” झाली भावना व्यक्त!

आमच्याकडील साहित्यशास्त्र ज्यांनीं पदवीपुरतें तरी वाचलें आहे त्यांस येथें मम्मटाची आठवण व्हावी. काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासांत त्यानें रसाचे जे दोष सांगितले, त्यांत पहिलाच दोष असा कीं रसाचें किंवा भावाचें नांव उच्चारून तो सांगणें. राग हा शब्द ऐकून कोणासही राग जाणवत नाहीं. राग कशामुळें आला आणि रागावलेला मनुष्य काय करतो, हें दिसलें म्हणजे जाणवतो. भरतमुनींचे विभाव आणि अनुभाव म्हणजे दुसरें काय? शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत शकुंतला दुष्यंतावर जडलेल्या प्रेमाविषयीं त्याच्याशीं चकार शब्द काढीत नाहीं. पायांत दर्भ रुतल्याचें व वल्कल फांदीला अडकल्याचें निमित्त करून ती थांबते, इतकेंच. आमच्या तक्तेवाल्यांच्या हातीं ती सांपडली असती तर तिनें गुलाबी रंगाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलें असतें!

आणि बाहुलीच्या बाबतींत तर हा नियम दुप्पट लागू आहे, कारण बाहुलीचा चेहरा हलत नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवच्या ठाकर कलावंतांनीं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या व चित्रकथी यांची परंपरा सांभाळली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुष्कळ शहरी कुटुंबांनीं त्या गांवाचें नांव प्रथम ऐकलें असेल. चामड्यावर एकदां कोरलेलें तोंड रामायणाच्या आरंभापासून अखेरपर्यंत तेंच राहतें. तरी प्रेक्षकास त्यावर शोक दिसतो. तो आणतो सांगणाऱ्याचा आवाज, बाहुलीची चाल आणि तिचें थबकणें.

शाळेंतल्या हातमोज्याच्या बाहुलीचेंही तसेंच. तर्जनी डोक्यांत, आंगठा व मधलें बोट दोन हातांत, एवढाच तिचा संसार. तिला हंसतां येत नाहीं, रडतां येत नाहीं. मान खालीं घालतां येते, तोंड झांकतां येतें, पाठ फिरवितां येते, भाकरीचा तुकडा उचलून फेंकतां येतो. मुलास मदत करावयाची ती येथें. “तुझ्या बाहुलीला काय वाटतें?” हा प्रश्न मुलास मुकें करतो. “ती आतां काय करते? मग ती पाठ फिरवून बसली तर आई काय म्हणते?” असें विचारा, मूल बोलूं लागेल. आधीं त्यास बाहुली हातांत घालून बोलूं द्यावें आणि तें बोलत असतां आपण लिहून घ्यावें. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें, ही वांटणी आपल्या परिचयाची आहे. येथें व्यास नऊ वर्षांचा आहे इतकेंच. मग कागद त्याचा त्याला परत द्यावा, म्हणजे खोडाखोड तोच करील. आणि ती तो करतो. उंच धरलेला हात थोड्याच वेळांत दुखूं लागतो, म्हणून लांब भाषणें आपोआप गळतात. एक बाहुली बोलतांना दुसरी हलली तर बोलतें कोण तें कळत नाहीं, म्हणून ऐकणारीस स्तब्ध ठेवावें लागतें. त्या स्तब्धतेंत पुष्कळ भावना मावते.

भाषेचा एक शब्द बोलणें प्राप्त आहे. मूल मालवणींत किंवा वऱ्हाडींत रागावत असेल तर त्यास पुस्तकी मराठींत रागावण्यास लावूं नये. कॉलेजांत तीस वर्षें शुद्धलेखनाच्या चुकांवर तांबड्या रेघा ओढलेला मी हें म्हणत आहें.

नीतीचे कैवारी विचारतील कीं मग मुलानें अंडें गार होऊं द्यावें काय? अंडें कावळ्याच्या नाटकांतलें आहे, ही गोष्ट तुम्ही विसरतां. भाच्याच्या नाटकांत पुढें काय होणार होतें, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं. कदाचित् कावळाच भुकेल्या पोटीं त्या अंड्यावर जाऊन बसला असता. मीं दुसऱ्याच वाक्यास नाटक संपविलें. मुलाला जें स्वतःच्या तोंडानें आईला म्हणतां येत नाहीं तें बाहुलीच्या आडून म्हणतां येतें, आणि हा आडोसा मोडणें हा मोठ्यांचा दुसरा अपराध आहे. नाटक ऐकून रात्रीं जेवतांना “तुला बाळाचा राग येतो का रे?” असें त्यास विचारूं नये. विचारावयाचेंच तर कावळा जेवला का, एवढें विचारावें.

स्पर्धेच्या चालकांस माझी एकच सूचना आहे. त्यांनीं मला दिलेल्या गुणपत्रकांत ‘संदेश’ या रकान्यास १०० पैकीं ३० गुण होते. तो रकाना काढून टाकावा व ते गुण कोणासही देऊं नयेत; स्पर्धा ७० गुणांची झाली म्हणून कोणाचें बिघडणार नाहीं. यंदा मला पुन्हां बोलावणें आलें तर मी त्या रकान्यांत उभी रेघ मारून पत्रक परत देणार आहें, हें त्यांना आधींच कळावें म्हणून येथें लिहून ठेवतों.