सूर्यघराच्या नावाने लावलेला सापळा

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, चांदूर बाजार, जि. अमरावती

विषय: ऑनलाइन व्हिडिओंच्या आडून होणाऱ्या फसवणुकीची माहिती ग्रामसभांमधून देण्याबाबत



यूट्यूबवरचा व्हिडिओ नुसता पाहिल्याने मोबाइलमध्ये सहसा काही शिरत नाही. धोका असतो तो व्हिडिओखालच्या लिंकमध्ये, मध्येच येणाऱ्या जाहिरातीत आणि तिथून घ्यायला लावलेल्या अ‍ॅपमध्ये. सरकारी योजनेचे नाव पुढे केले की अशी लिंक बिनधास्त दाबली जाते. म्हणूनच हा विषय फक्त पोलिसांचा नाही, पंचायत समितीचाही आहे.

मॅकअफी या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 2025 मध्ये उघडकीस आणलेला प्रकार आपल्या तालुक्यालाही थेट लागू पडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत घराच्या छतावर सौर पॅनल बसवायला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. भामट्यांनी नेमके हेच हेरले. अनुदानाचा अर्ज मोबाइलवरून भरा, असे सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर आले. खालची लिंक दाबली की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडे. तिच्यावर गूगल प्लेचे चिन्ह होते. ते दाबल्यावर मात्र प्ले स्टोअर न उघडता एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, थेट मोबाइलमध्ये उतरे. मग वीज कंपनी निवडा, मोबाइल नंबर टाका, नोंदणीचा 1 रुपया भरा. त्या एका रुपयासाठी यूपीआय पिन मागितला जाई आणि तो सरळ भामट्यांच्या हाती पडे. मेसेज वाचायची परवानगी अ‍ॅपने आधीच घेतलेली असल्याने बँकेचा ओटीपीही लपून राहत नसे. शिवाय मोबाइलमधल्या सगळ्या संपर्कांना मेसेज पाठवायची सोय त्यात होती. तालुक्यातल्या ब्राह्मणवाडा थडीच्या एखाद्या मोबाइलमध्ये असे अ‍ॅप शिरले, तर पुढचा मेसेज शिरजगाव कसब्याच्या मामांना भाच्याच्या नंबरवरून जाईल. घरच्या माणसाच्या मेसेजवर संशय कोण घेणार?

व्हिडिओ लाइक करा आणि पैसे कमवा, हा दुसरा प्रकार. सुरुवातीला थोडे पैसे खरोखर खात्यात येतात, मग टेलिग्रामच्या ग्रुपवर मोठ्या कमाईसाठी आधी रक्कम भरायला सांगतात. ती परत मिळत नाही. ओळखीच्या चेहऱ्यावरही आता भरवसा ठेवता येत नाही: जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करतानाचा व्हिडिओ पसरला आणि तो बनावट असल्याचे खुद्द तेंडुलकरांना जाहीर करावे लागले.

बचाव अवघड नाही. अ‍ॅप प्ले स्टोअरमध्ये नाव शोधूनच घ्यावे, लिंकवरून कधीच नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप घेण्याची परवानगी बंद ठेवावी. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, अनुदान घेण्यासाठी नाही. चुकून असे अ‍ॅप घेतलेच, तर आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवावे. या तक्रारीवरून पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, पण भामट्यांनी ते काढून घेण्याआधीच. लाजेपायी गेलेली एक रात्रही इथे महागात पडते.

योजनांची माहिती गावापर्यंत नेण्याची जबाबदारी पंचायत समितीची आहे. तेव्हा खऱ्या संकेतस्थळाचा पत्ताही तिनेच सांगायला हवा. सूर्यघर योजनेसाठी तो पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आपले सरकार सेवा केंद्राच्या दारावर हा पत्ता आणि 1930 हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते दोन्ही येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत, आणि व्हिडिओखालच्या लिंकवरून कोणत्याही योजनेचा अर्ज भरू नये, हे त्याच सभेत स्पष्ट सांगावे, ही विनंती.